पिक्रॉस पहिल्यांदाच खेळताय? अंदाज न लावता चित्र कसं काढायचं ते सांगते

पिक्रॉस म्हणजे कडेला लिहिलेल्या आकड्यांवरून चौकटीतली घरं भरत चित्र काढायचं कोडं. समजा एका आडव्या ओळीत १० घरं आहेत आणि ओळीच्या डावीकडे आकडा लिहिलाय ७. म्हणजे या ओळीत सलग ७ घरं भरायची आहेत, पण कुठली ७ ते सांगितलेलं नाहीये. आता पेन्सिल घ्या, आधी ती ७ घरं अगदी डाव्या टोकाला लावून बघा, मग तीच ७ अगदी उजव्या टोकाला लावून बघा. पहिल्या वेळी १ ते ७ भरली, दुसऱ्या वेळी ४ ते १०. दोन्ही वेळेला भरली गेली अशी घरं कुठली? ४, ५, ६, ७. बास, ही चार घरं काहीही झालं तरी भरलेलीच असणार, सातातल्या बाकीच्या तिघांचं काय ते नंतर बघू.

हे एकदा डोक्यात उतरलं की पिक्रॉस तुम्हाला कळला असं समजा. उरलेलं सगळं याच्यावरच उभं आहे.

आता थोडं मागे जाऊन नीट सांगते. पिक्रॉस म्हणजे पिक्चर आणि क्रॉसवर्ड, निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीने दिलेलं नाव. कोड्याचा प्रकार त्याच्याही आधीचा, १९८० च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये जन्मलेला. नोन इशिदा नावाच्या एका बाईंनी उंच इमारतीच्या खिडक्यांमधले दिवे चालू-बंद करून चित्र काढायच्या टोकियोतल्या एका स्पर्धेत बक्षीस मिळवलं आणि त्यातून त्यांना हे कोडं सुचलं, आणि साधारण त्याच काळात तेत्सुया निशिओ नावाच्या कोडीकारानेही स्वतंत्रपणे तसंच कोडं काढलं. पुढे ब्रिटनमध्ये त्याला नोनोग्राम म्हणायला लागले, ते नोन बाईंच्या नावावरून. रात्री समोरच्या टॉवरकडे बघा, काही खिडक्या उजळलेल्या, काही काळ्या, आणि तुम्हाला फक्त प्रत्येक मजल्यावर सलग किती दिवे लागलेत एवढंच सांगितलंय. कोडं हेच आहे.

गेम म्हणून पहिला आला तो मारिओज पिक्रॉस, १९९५ साली निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या मशीनवर. क्योतोची ज्युपिटर नावाची कंपनी त्यात होती आणि आजही ही सिरीज तीच कंपनी बनवते, हे मला फार भारी वाटतं, एकाच प्रकारच्या कोड्यावर इतकी वर्षं मन लावून काम करणारे लोक कमी असतात. जपानबाहेर तो पहिला गेम फारसा चालला नाही, त्यामुळे पुढचे काही भाग जपानमध्येच राहिले. मग २००७ मध्ये निन्टेन्डोच्या डीएस मशीनवर पिक्रॉस डीएस आला, त्यानंतर त्यांच्याच ३डीएस मशीनवर पिक्रॉस ई नावाने एकापाठोपाठ नऊ भाग, आणि २०१७ पासून त्यांच्या स्विच या मशीनवर पिक्रॉस एस.

कुठला घ्यायचा

३डीएसचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं, त्यामुळे पिक्रॉस ई आता नव्याने विकत घेता येत नाही. कोणाकडे जुन्या मशीनमध्ये असेल तर मागून घ्या, सोनं आहे ते. नवीन माणसाने स्विचवरचा एस घ्यावा. एस, एस२, एस३ असे नऊ आहेत, पण यात गोष्ट वगैरे नसते, त्यामुळे क्रमाने खेळायची अजिबात गरज नाही. कोडी वेगळी, पद्धत तीच. माझं मत विचाराल तर एस७ किंवा त्याच्या पुढचा घ्या, कारण एस७ पासून स्क्रीनला बोट लावून खेळता येतं, आणि ज्यांच्या हाताला कन्सोलच्या बटणांची सवय नाही त्यांना ते सोपं जातं. सवय झाली की मात्र बटणंच बरी, मोठ्या ग्रिडवर, म्हणजे घरांच्या मोठ्या चौकटीवर, बोट शेजारच्या घरावर पडतं.

स्विच नसेल तरी अडत नाही. शाळेतली आलेख वही आणि पेन्सिल असली की सुरुवात होते, आणि ज्युपिटरचाच लॉजिआर्ट ग्रिमॉयर नावाचा याच पद्धतीचा गेम कॉम्प्युटरसाठी स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात मिळतो.

नियम, जे दोन मिनिटांत संपतात

प्रत्येक आडव्या ओळीच्या डावीकडे आणि प्रत्येक उभ्या ओळीच्या वर आकडे असतात. एक आकडा म्हणजे तेवढ्या सलग घरांचा एक गट. ३ २ असं लिहिलं असेल तर आधी तीनचा गट, मग कमीत कमी एक रिकामं घर, मग दोनचा गट, याच क्रमाने. मधलं रिकामं घर एक असेल, चार असतील, ते तुम्ही शोधायचं. शून्य असेल तर ती अख्खी ओळ रिकामी. एक बटण घर भरायला, दुसरं बटण फुली मारायला. फुली म्हणजे "इथे काही नाही याची मला खात्री आहे".

नवीन लोक फुलीला किंमत देत नाहीत, घरं भरत सुटतात आणि दहाव्या मिनिटाला अडकतात. माझं ठाम म्हणणं आहे की पिक्रॉस हा अर्धा भरायचा आणि अर्धा फुल्यांचा खेळ आहे. किंबहुना अवघड कोडी फुल्यांनीच सुटतात. खालचं उदाहरण मुद्दाम त्यासाठीच घेतलंय.

एक छत्री सोडवून बघू

५ बाय ५ चं ग्रिड काढा, वहीत खरोखरच काढा, नुसतं वाचून हे हातात येत नाही.

आडव्या ओळी वरून खाली: १, ३, ५, १, २.
उभ्या ओळी डावीकडून उजवीकडे: १, २ १, ५, २, १.

आधी सगळ्यात मोठे आकडे बघायचे. तिसऱ्या आडव्या ओळीत ५ आहे आणि घरं पाचच, म्हणजे ती पूर्ण भरा. तिसऱ्या उभ्या ओळीतही ५, तीही पूर्ण भरा. झाला मधोमध एक मोठा अधिक.

आता कडेला या. पहिल्या उभ्या ओळीत फक्त १ आहे आणि तिचं ते एक घर आत्ताच भरलं गेलं, तिसऱ्या ओळीमुळे. म्हणजे त्या उभ्या ओळीतल्या बाकी चारही घरांवर फुली. शेवटच्या उभ्या ओळीचंही अगदी तसंच, चार फुल्या.

या फुल्या मारल्या नाहीत तर पुढचं दिसणार नाही, बघा आता. दुसऱ्या आडव्या ओळीत ३ आहे. दोन्ही टोकांना फुली, मधे घरं तीनच उरली. भरा तिन्ही. पहिल्या आडव्या ओळीत १ आहे, ते मधलं घर भरलेलंच आहे, बाकी फुल्या. चौथ्या ओळीचंही तसंच.

राहिली शेवटची ओळ, तिथे २ आहे. मधलं घर भरलेलं आहे, त्याला जोडून आणखी एक हवं, पण डावीकडचं की उजवीकडचं? इथे नवीन माणूस अंदाज लावतो. लावू नका. चौथी उभी ओळ बघा, तिचा आकडा २, आणि तिची दोन घरं भरून झालीत, दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत. म्हणजे तळाचं घर रिकामं, फुली. मग दुसरं घर डावीकडचंच. भरा, आणि दुसऱ्या उभ्या ओळीत २ १ जुळतंय का बघा. जुळतंय.

× × ■ × ×
× ■ ■ ■ ×
■ ■ ■ ■ ■
× × ■ × ×
× ■ ■ × ×

छत्री, दांड्याला डावीकडे वळलेली मूठ. मूठ कुठल्या बाजूला वळली आहे हे एका फुलीने सांगितलं. मला हा खेळ आवडतो तो याच्यासाठी, प्रत्येक घराला कारण असतं, आणि ते कारण तुम्हाला शेजारी बसलेल्या माणसाला बोट ठेवून सांगता येतं.

माझ्या आईने मला पहिल्यांदा हे खेळताना बघितलं तेव्हा ती दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, अगं हे तर दुसुतीवरचं भरतकाम आहे. खरंच आहे ते. ती क्रॉस स्टिच करायची तेव्हा चौकटीच्या कागदावर नक्षी समोर ठेवून तोंडाने मोजायची, तीन टाके, दोन सोड, पाच टाके. पिक्रॉसमध्ये ते मोजणं आधी मिळतं आणि नक्षी आपल्याला काढायची असते. तिला १० बाय १० पर्यंत यायला दोन दिवस पुरले.

१० बाय १० ला गेलात की हा हिशोब शिका

सुरुवातीला ७ चं जे केलं तेच एकापेक्षा जास्त आकड्यांनाही लागतं. समजा १० घरांच्या ओळीत ३ ४ आहे. तीन, मधलं एक रिकामं, आणि चार, म्हणजे कमीत कमी ८ घरं लागणार. १० मधून ८ गेले, उरले २. हे २ म्हणजे त्या ओळीतली ढिलाई, गट इकडे तिकडे सरकायला तेवढीच जागा. आता प्रत्येक आकड्यातून ढिलाई वजा करा. ३ वजा २ म्हणजे १ घर पक्कं, ४ वजा २ म्हणजे २ घरं पक्की. कुठली? गट डावीकडे दाबून बसवा आणि प्रत्येक गटाची शेवटची तेवढी घरं घ्या. तीनचा गट १ ते ३ वर बसतो, त्यातलं शेवटचं एक म्हणजे ३ नंबरचं घर. चारचा गट ५ ते ८ वर बसतो, त्यातली शेवटची दोन म्हणजे ७ आणि ८.

□ □ ■ □ □ □ ■ ■ □ □

ढिलाई आकड्याएवढी किंवा त्याहून जास्त असेल तर त्या आकड्याचं काहीच पक्कं होत नाही, सोडून द्या, पुढच्या ओळीवर जा. ढिलाई शून्य असेल तर अख्खी ओळच सुटली. म्हणून कोडं उघडल्यावर मी आधी सगळ्या ओळींवरून नुसती नजर फिरवते आणि ढिलाई कमी असलेल्या ओळी आधी घेते. एक आकडा मोठा दिसतोय म्हणून नाही, कारण १ १ १ १ १ असे पाच फुटकळ आकडेसुद्धा मधल्या रिकाम्या घरांसकट ९ घरं खातात, ते पटकन लक्षात येत नाही.

मग कडांकडे वळा. पहिला आकडा ४ आहे आणि दुसरं घर भरलेलं आहे, तर तो गट पहिल्या किंवा दुसऱ्या घरापासूनच सुरू होऊ शकतो, म्हणजे ३ आणि ४ भरली. आणि पहिलंच घर भरलेलं असेल तर चार भरून पाचव्यावर ताबडतोब फुली. गट पूर्ण झाला की त्याच्या दोन्ही बाजूंना फुली, ही सवय हाताला लावून घ्या.

पोच बघणं, म्हणजे गट कुठपर्यंत पोचू शकतो ते बघणं, हे मला उशिरा कळलं आणि कळल्यावर १५ बाय १५ ची कोडी एकदम खुली झाली. १५ घरांच्या ओळीत फक्त ४ आहे आणि ६ नंबरचं घर भरलेलं आहे. चारचा गट तिथून डावीकडे जास्तीत जास्त ३ पर्यंत जाईल आणि उजवीकडे ९ पर्यंत. म्हणजे १, २ वर फुली आणि १० ते १५ वर फुली. एकही घर न भरता आठ घरांचा निकाल लागला, आणि त्या आठ फुल्या आठ उभ्या ओळींना कामाला येणार.

तसंच दोन गट चिकटतील का तेही तपासायचं. ओळीत २ २ आहे, ४ आणि ६ भरलेली आहेत. मधलं ५ भरलं तर सलग तीन होतील आणि तीनचा गट तर नाहीच. म्हणून ५ वर फुली. आणि दोन फुल्यांच्या मधे दोनच घरं अडकली असतील आणि ओळीतला सगळ्यात छोटा आकडा ३ असेल, तर त्या दोन घरांत कोणीच मावत नाही, तिथेही फुल्या.

एवढ्यावर १५ बाय १५ आणि २० बाय १५ पर्यंतची बहुतेक कोडी सुटतात. फक्त एक शिस्त ठेवा, एका आडव्या ओळीत काही बदललं की ज्या उभ्या ओळींमध्ये ते नवं घर पडलं त्याच तपासायच्या, मग तिथे जे नवं मिळालं त्याच्या आडव्या ओळी. सगळं ग्रिड पुन्हा पुन्हा वरून खाली वाचत बसलात तर डोळे थकतात आणि मग चुका होतात.

मदत चालू ठेवायची की बंद

पिक्रॉस एसमध्ये कोडं सुरू करताना मदतीचे पर्याय मिळतात. एकात ज्या ओळीत आत्ता काहीतरी करता येण्यासारखं आहे तिचे आकडे वेगळ्या रंगात दिसतात. एकात चूक केली की गेम तिथेच दुरुस्त करतो. आणि एक रुलेट आहे, जे सुरुवातीलाच एक आडवी आणि एक उभी ओळ उघडून देतं.

माझा सल्ला असा की पहिली दहा-बारा कोडी रंगाची मदत चालू ठेवा, कारण ती उत्तर देत नाही, फक्त कुठे बघायचं ते दाखवते, आणि कुठे बघायचं हेच तर नवीन माणसाला कळत नसतं. चूक दुरुस्त करणारी मदत मात्र पहिल्या दिवसापासून बंद. ती चालू असली की मन आपोआप अंदाज मारायला लागतं, लागला तर लागला, नाहीतर गेम सांगेलच. तसं खेळून तीनशे कोडी संपतील आणि हाताला काही लागणार नाही. रुलेट तर मी कधीच लावत नाही, पहिलं घर स्वतः शोधण्यातला आनंद तेच घेऊन टाकतं.

गेम बॉयवरच्या त्या पहिल्या मारिओज पिक्रॉसमध्ये अर्ध्या तासाची वेळ असायची आणि चुकीचं घर भरलं की वेळ कापली जायची, आधी २ मिनिटं, मग ४, मग ८. ते टेन्शन आवडणारे लोक आहेत. मला आताची शांतता जास्त योग्य वाटते, घड्याळ चालू असतं पण ते अंगावर येत नाही.

अडकलात तर

एकदा रात्री एका २० बाय १५ च्या कोड्यात मी पाऊण तास घालवला होता, तीन-चार ओळी राहिल्या होत्या, आणि एका ठिकाणी दोनपैकी कुठलं घर ते दिसेना. झोप आली होती, एक भरून टाकलं. पुढची वीस मिनिटं सगळं छान जुळत गेलं आणि शेवटच्या ओळीत ३ च्या जागी दोनच घरं उरली. कुठून चुकलं ते शोधणं अशक्य होतं, कारण त्या एका घरावर पुढची तीस घरं उभी होती. अख्खं पुसून सकाळी पुन्हा केलं. सकाळी तीच जागा आली तेव्हा दिसलं की शेजारच्या उभ्या ओळीत एक गट पूर्ण झाला होता आणि त्याच्या टोकाला फुली मारायची राहिली होती. ती मारली असती तर अंदाजाची वेळच आली नसती.

म्हणून अडकलात की आधी नवीन काही शोधू नका, राहिलेल्या फुल्या शोधा. पूर्ण झालेले गट एकेक करून तपासा, दोन्ही टोकं बंद आहेत का. दहापैकी आठ वेळा तिथेच सापडतं. नाही सापडलं तर पोच बघा. तरीही नाही तर गेम बंद करा, चहा घ्या, उद्या बघा. या सिरीजमधली कोडी तर्काने सुटतात, दिसत नाहीये म्हणजे आपल्या नजरेतून काहीतरी सुटलंय.

आणि चित्रावरून भरू नका. अर्धा ससा दिसला की दुसरा कान त्याच उंचीवर असणार असं वाटतं. कोडं बनवणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं, दुसरा कान मोडलेला निघतो.

बाकीचे प्रकार, पण घाई नको

मेगा पिक्रॉसमध्ये काही मोठे आकडे दोन शेजारच्या ओळींना मिळून दिलेले असतात, म्हणजे ९ असेल तर ती नऊ घरं दोन ओळींमध्ये मिळून पसरलेली आणि एकमेकांना चिकटलेली. साधी ढिलाई इथे सरळ लागत नाही, वेगळंच डोकं लागतं, त्यामुळे साधी शंभरेक कोडी झाल्याशिवाय जाऊ नका. कलर पिक्रॉस त्यामानाने लवकर जमतो, एकच गोष्ट लक्षात ठेवायची, एकाच रंगाच्या दोन गटांमध्ये रिकामं घर लागतंच, पण वेगवेगळ्या रंगांचे गट चिकटून बसू शकतात. ढिलाई मोजताना ते एक घर उगाच धरलं की सगळं चुकतं. क्लिप पिक्रॉस म्हणजे छोटे छोटे तुकडे सोडवून एक मोठं चित्र जोडायचं, दमल्यावर खेळायला छान.

आणि कुठे जुनं डीएस मिळालं तर पिक्रॉस ३डी नक्की खेळा, तो एचएएल लॅबोरेटरी या जपानी गेम कंपनीने बनवलेला. तिथे ठोकळ्यांचा एक घन मिळतो आणि हातोडीने नको असलेले ठोकळे फोडत आतली मूर्ती बाहेर काढायची. नुसता आकडा म्हणजे सलग, आकड्याभोवती गोल म्हणजे ते ठोकळे दोन गटांत विभागलेले, चौकोन म्हणजे तीन किंवा जास्त गटांत. शून्य दिसला की ती अख्खी रांग बिनधास्त फोडा, त्या आवाजात सुख आहे.

पण आधी ५ बाय ५. हे घ्या, वहीत उतरवा, चित्र काय आहे ते मी सांगत नाही. आडव्या ओळी वरून खाली: ३, ५, ३ १, ५, ३. उभ्या डावीकडून उजवीकडे: ५, ५, ५, १ १, ३. सुरुवात पाचांपासून करावीशी वाटेल, तसंही सुटेल, पण आधी मधल्या ३ १ ची ढिलाई मोजून बघा.